मीठ माज्या हातचं

मुळशी
संक्रांतीची कर, बुधवार, सन १९५८

हैबतरावाला शबूद देणारे तुमी कोण? मानाचं बकरं यंदा आपल्या घराचं हाय. ते काय वाघजाईनं तुमच्या मुंबईच्या खोलीत येऊन तुमाला इचारलं न्हाई, तुमच्या आज्याच्या आदीपासनं हितं ठरल्यालं हाय. आन् तुमी तितं बसून, चुलतभावानं पाजल्याला चा पिऊन, "तूच घाल बकरं, आमच्या मंडळींच्यानं एकटीच्यानं काय व्हतंय" असं बोलून मोकळं झालात. काल हैबतराव चावडीफुडं समद्यांदेखत तुमचा शबूद सांगत व्हता. मी डोईवर घागर घेऊन उभी. घागर खाली ठिवली न्हाई. ठिवायची झाली असती तर त्याच्याच टाळक्यात ठिवली असती.

हे पत्र मी माज्या हातानं लिवतेय. मागली पत्रं शाळेतल्या मास्तरनं लिवली. मी सांगायची एक आन् तो लिवायचा भलतंच. मी म्हनले, लिवा की सात वर्सं झाली, तोंड दावलं न्हाई. त्यानं लिवलं, आपली फार आठवण येते. मला कसली आठवण येतीया. दुसरी यत्ता शिकल्याली हाय मी. अक्षर वाकडं आलं तर मान वाकडी करून वाचा. वर नमस्कार लिवला न्हाई, तो इसरून न्हाई.

मानाचं तुमी इसरला असाल. मुंबईत माणूस काय काय इसरतो. ज्या घराचा मान त्यानं माघातल्या पुनवेनंतरच्या मंगळवारी देवीला बकरं द्यायचं, समद्या भावकीला मटणभात घालायचा, आन् मंग फुडली तीन पिकं देवीचं भाताचं खाचर त्या घरानं कसायचं. न्हाई घातलं तर मान गेला फुडल्या घराला. फुडलं घर कुणाचं? हैबतरावाचं. आता कळलं का तो मुंबईला तुमाला भेटाया का आलता? मान एकदा हुकला की फिरून आपल्या दारात यायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. तुमच्या वडलांचं रान समदं धरणाच्या पाण्यात गेलं. तवापासनं हे घर दुसऱ्याच्या चिखलात लावणी करून जगतंय. तुमी गेल्यावर तर मी एकलीच करतेय. तीन सालं का हुईना, माज्या पायाखाली माजा चिखल असंल. ते तुमी एक कप चापायी देऊन टाकलं.

बोकड मी पाळलाय. काळा हाय, कपाळावर पांढरा टिळा. तुमच्यापरीस जास्त येळ या घरात ऱ्हायलाय.

तितं तुमी ज्या बाईसंगं ऱ्हाताय तिच्याबद्दल मी एक अक्षर लिवणार न्हाई. तिचं तिला लखलाभ. मला तुमी नको हाय. मला पाटावर बसाया माणूस पायजे. नैवेद्याला जोडीनं बसावं लागतं, बकऱ्याच्या पाठीवर पाणी घरधन्यानं वतावं लागतं, आन् रश्श्यात मीठ घरधन्याच्या हातानं पडावं लागतं. बाकी समदं मी करते. सोमवारी या, मंगळवारी ही तीन कामं करा, बुधवारी जावा. मी तुमाला थांब म्हणणार न्हाई आन् का गेलात म्हणून इचारणार बी न्हाई.

हैबतरावाला मी चावडीवर सांगितलंय, बकरं आमच्याच दारात पडंल. आता मला खोटी पाडू नका.

गोजराबाई, मुक्काम तुमच्याच घरात


मुळशी
ता. १० फेब्रुवारी, सोमवार

आजची येष्टी आली. भिकू उतरला, तो गिरणीतला, तुमच्या चाळीतला. त्याच्यामागं एक म्हातारी उतरली, एक कोंबड्यांची पाटी उतरली. तुमी न्हाई.

भिकूनं निरोप दिला, सुट्टी मिळाली न्हाई. भिकूला कशी मिळाली इचारलं तर तो जमिनीकडं बघाया लागला. त्याचा काय दोष. उद्या जेवून तो परत जाणार, हे पत्र त्याच्याजवळ देतेय. टपालाची वाट बघायला मला येळ न्हाई.

हैबतराव काय करून बसलाय ते ऐका. भावकीची मोठी हंडी, पराती, झारे समदं त्याच्या माळ्यावर असतं. दुपारी आणाया गेले तर म्हनतो, माळ्याला कुलूप हाय आन् किल्ली बायकूसंगं म्हायेरी गेली. मी म्हनले, भावजी, किल्लीचं म्हायेर कुटलं? दार लावून घेतलं त्यानं.

आता एवढ्या माणसांचा रस्सा माज्या दोन पातेल्यांत व्हायचा न्हाई. त्याला ते ठावं हाय. उद्या हंडी न्हाई म्हणून जेवण न्हाई, जेवण न्हाई म्हणून मान न्हाई, असं त्याचं चाललंय.

लीला सासरहून, नांद्याहून आलीय. सातवा लागलाय तिला. तिनं इचारलं, बाबा आलं का? मी म्हनले, चुलीत लाकूड सार.

उद्या बकरं पडणार. तुमी असा, नसा.

गोजराबाई


मुळशी
ता. १३ फेब्रुवारी, गुरुवार

जेवण झालं. आता नीट वाचा, कारण हैबतरावाचं पत्र माज्या आदी तुमाला पोचंल आन् त्यातलं निम्मं खोटं असंल. उरल्यालं निम्मं खरं असंल, त्याची बी मला लाज न्हाई.

आदी भांड्यांचं. सोमवारी सांजच्याला मी घरोघर फिरले, एकेक पातेलं मागत. पयली गेले रत्नाबाईकडं, कोंडिबाच्या मागं राहिल्याली ती. ती म्हनली, "भांडं देत न्हाई. तू बूड जाळशील. मी सोताच घेऊन येते." शेजारणीनं कुडाच्या पल्याडनं ऐकलं. ती म्हनली, रत्ना जाती तर मी बी येते, माजं भांडं तिच्यापरीस मोठं हाय. तिसरीला वाटलं आपणच मागं राहिलो. भांडं एकीनंबी दिलं न्हाई बगा. समद्या भांड्यासंगं आपणच आल्या. मंगळवारी सकाळी अंगणात बघते तर भावकीतली जितकी घरं तितक्या बाया, काखेत भांडं आन् डोईवर सरपण. कुणाचं पितळेचं, कुणाचं तांब्याचं, एकीचं तर कानतुटकं मडकं. तीन तीन धोंडं मांडून गोठ्यापासनं तुळशीपतोर चुली लागल्या. हैबतरावानं एक हंडी कोंडली आन् आळीची समदी भांडी माज्या अंगणात आली.

मंग गुरव आला. जोडी कुटं हाय, म्हनला. मी माज्या पाटावर बसले आन् तुमच्या पाटावर सुपारी मांडली. तो म्हनतो, वैनी, बायकू नसली तर पुरुष सुपारी मांडतो. नवऱ्याची सुपारी मांडल्याली मी जल्मात बगितली न्हाई. मी म्हनले, मंग आज बगा. नारळ फोडला त्यानं गुमान.

नबीलाल मुलाणी सुरीला धार लावून उभा व्हता. हैबतरावानं त्याला आदल्या दिशी दम दिला व्हता, घरधनी नसताना सुरी चालवलीस तर बघ म्हणून. मला वाटलं हा बी जातोय आता. तर तो म्हनला, "वैनी, सुरी देवीच्या कामाची हाय, हैबतरावाच्या न्हाई. तुमी पाणी वता. बकऱ्यानं अंग झाडलं, देवीनं घेतलं म्हणायचं, की माजं काम."

मी पाठीवर पाणी वतलं. बोकड ढिम्म. परत वतलं. बोकड माज्या पदराकडं बघतोय, त्याला वाटलं पाला मिळंल. हैबतराव बांधावर हात बांधून उभा, म्हनतो, देवीला बाईचं पाणी नको दिसतंय. दोन-चार बापे हासले. मंग मी तांब्या वाकडा केला आन् पाणी कानात वतलं. बोकडानं असं अंग झाडलं की गुरवाचं धोतर भिजलं. व्हय, कानात वतलं. लपवून काय करू? मागल्या मानाला तुमच्या वडलांनी बी कानातच वतलं व्हतं. मी तवा नवी नवरी, पडवीच्या खांबाआडनं बघत व्हते. देवीनं त्यांचं चालवून घेतलं, माजं का न्हाई घेणार?

आता मटणाचं. भांडी धा जागची असली तरी वाटण एकाच पाट्याचं पायजे, न्हाईतर चव धा जागची व्हती. तितं मी कुणाचं ऐकलं न्हाई. लीलाला म्हनले बसून ऱ्हा, तर ती निखाऱ्यावर खोबरं भाजायला बसली. खोबरं काळं हुईस्तवर भाजायचं, नुसतं तांबूस करून भागत न्हाई. कांदं सालीसकट चुलीच्या आरात. धने, तीळ, खसखस, मिरी, लवंगा, दगडफूल तेलावर परतून. मिरच्या लवंगी, त्याला मी हात आखडला न्हाई. लसूण तर किती गेला ते सांगत न्हाई, पाटा तापस्तवर वाटलं आन् वरवंटा धुतल्यालं पाणी बी टाकलं न्हाई, रश्श्यातच घेतलं.

प्रत्येकीला तिच्या चुलीवर मटणाचा वाटा दिला. तेल, कांदा, हळद, आन् मटण आपल्याच पाण्यात मुरू द्यायचं, वर झाकणीत पाणी ठिवून. ते झाकणीतलं पाणी तापलं की तेच आत वतायचं, गार पाणी लागलं की मटण आकसतं. नव्या सुना गप्पांच्या नादात कळशीकडं हात न्यायच्या. एकीच्या मनगटावर पळी मारली, मंग समद्या सरळ झाल्या. कुणाच्या चुलीचा जाळ मोठा, कुणाची विझती, आन् मी या टोकापासनं त्या टोकापतोर पळतेय. रत्नाबाई म्हनली, गोजरे, तू तर इंग्रजाचा मुकादम झालीस. म्हनलं, व्हय, आन् तुज्या भांड्याचं बूड लागतंय, बघ.

आन् मीठ. प्रत्येक भांड्यात मीठ मी घातलं. नैवेद्य दावायच्या आदी चाखायचं न्हाई, म्हंजे समदा अंदाज. तुमची मूठ मोठी, माजी बारकी. म्हणून एक मूठ आन् वर अर्धी. मिठाचा वाडगा घेऊन चुलीचुलीनं गेले. एक बी बाई म्हनली न्हाई की घरधन्याच्या जागी तू का. प्रत्येकीनं आपली झाकणी उचलून धरली. धूर लई झाला व्हता. डोळं पुसायला हात मिठाचे, म्हणून तसंच राहू दिलं.

मदीच चंद्राबाई आली. तुमची चुलती, हैबतरावाची आई. कमरेत पार वाकलीय आता. काखेत पितळेचं पातेलं. माज्या चुलीशेजारी तिनं सोता धोंडं मांडलं आन् फुंकणी घेऊन बसली. हैबतराव बांधावरनं वरडला, आये, घरी चल. म्हातारीनं फुंकणी तोंडातनं काढली. "भांडं माजं हाय," म्हनली. "तुज्या बापाच्या घरचं न्हाई, माज्या म्हायेरनं आलंय. हुबाच ऱ्हायचं असंल तर सरपण तरी आण." इतकं बोलून तिनं झाकणी उचलली आन् मला म्हनली, घाल गं मीठ, बघतीस काय.

तरी पंगत बसंना. बापे समदे वळचणीला उभे. हैबतराव एकेकाच्या कानाशी लागतोय, जोडी नव्हती, हे जेवण देवीला लागू न्हाई, जेवाल तर देवीचा कोप. मी पत्रावळी मांडल्या, आंबेमोहोराचा भात घातला, लावणीच्या मजुरीचा साठवल्याला, आन् प्रत्येकीनं आपापल्या घरच्या भांड्यातनं रस्सा वाढायला घेतला. आता कोण म्हणंल, माज्या घरच्या भांड्यातलं मला चालत न्हाई? आन् म्हणंल तर रातीला घरी जाऊन खाईल काय? कुशाबा पयला बसला. तो वयानं थोरला, त्यानं टोपी मांडीवर ठिवली आन् भात कालवला. मंग एकेक करत समदे बसले. नंतर नुसता भुरके मारल्याचा आवाज. भिकूनं तिसऱ्यांदा भात घेतला, त्याचं नाक वाहत व्हतं, तरी म्हनतो, काकी, तर्री वाढ.

हैबतराव जेवला न्हाई. त्याच्या घरचं भांडं जेवलं. चंद्राबाईला दात न्हाईत, तिला मी नळी वाढली. पाटाच्या कडेवर ठोकून ठोकून तिनं चोखली आन् म्हनली, तुज्या सासूच्या रश्श्याला आसला रंग कदी आला न्हाई. सासूबाई वर गेल्या म्हणून बोलली, त्या असत्या तर बोलली नसती.

तुमच्या सुपारीफुडं बी ताट वाढलं, रीत हाय म्हणून. ते मागनं कुत्र्याला घातलं.

मान आपल्या घरात ऱ्हायला. तुमी हातभार लावला न्हाई तरी कळवतेय, कारण घर तुमच्या नावाचं हाय.

गोजराबाई


मुळशी
ता. २५ फेब्रुवारी, मंगळवार

तुमचं पत्र पोचलं. सात वर्सांत एवढं लांब पत्र तुमी पयल्यांदा लिवलं. मी मास्तरला दावलं न्हाई, सोता वाचलं. शिव्या वाचायला दुसरी यत्ता पुरती.

जित्त्या नवऱ्याची सुपारी मांडून मी तुमाला मारलं, असं तुमी लिवताय. मुंबईतल्या गाववाल्यांत तुमचं हसं झालं, चाळीत तोंड दावाया जागा ऱ्हायली न्हाई. मला एक सांगा. सात वर्सं तुमचा पाट रिकामा व्हता तवा तुमचं हसं झालं न्हाई. लीलाच्या लग्नात मांडवात तिचा बाप नव्हता, मामानं हात धरून दिली, तवा झालं न्हाई. पाटावर सुपारी मांडली तवाच तुमाला कळलं का की तुमी हितं न्हाई?

आन् पत्राच्या बुडाशी, सईच्याबी खाली, बारीक अक्षरात लिवलंय, नळी कुणाला वाढली. तेवढं वाचून मला हासू आलं. राग व्हताच, तरी आलं. नळी कुणाला वाढली ते मागल्या पत्रात लिवलंय. तुमच्या चुलतीनं चोखली. तुमाला पायजे व्हती तर येष्टी चालू व्हती.

कुत्र्याचं लिवलं ते खोटं. ते ताट मी खाल्लं. समदे जेवून गेले, बाया आपापली भांडी खरवडून, घासून घेऊन गेल्या, लीला झोपली. माज्या वाट्याला एक शीत उरलं नव्हतं. तुमच्या पाटाफुडं ताट व्हतं, भात गार, रश्श्यावर चरबी थिजल्याली. सुपारी बाजूला सारली, तुमच्या पाटावर बसले आन् जेवले. मीठ बरुबर पडलं व्हतं. आता त्याचंबी तुमाला दुखलं तर दुखू द्या.

आता कामाचं, आन् हे दोनदा वाचा.

हैबतराव गप बसला न्हाई. शनवारी त्यानं देवळात भावकी बोलावली आन् तुमच्या पत्रातलं वाचून दावलं. तुमी त्यालाबी लिवलंय, मला ठावं न्हाई असं समजू नका. त्यात तुमी म्हनता, माज्या माघारी जे झालं ते मला इचारून झालं न्हाई. ते वाक्य त्यानं तीनदा वाचलं. मंग म्हनला, घरधनीच न्हाई म्हनतोय, तर मान कसा धरायचा, खाचर मला द्या.

कुशाबानं समदं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस न्हाई, पर रीतीच्या बाहेर पाऊल टाकत न्हाई. म्हनला, जेवणात खोट न्हाई, आमी समदे जेवलो. पर मान घराचा असतो आन् घर पुरुषाचं. नवरा जित्ता असंल तर त्यानं यावं, न्हाईतर आपल्या सईनं लिवून द्यावं की बायकूनं केलं ते माजं. न्हाईतर मान फुडल्या घराला.

तवा रत्नाबाई बायकांतनं उठली. देवळात ती कदी बोलत न्हाई. म्हनली, "कोंडिबा गेल्यावर माज्या घराचा मान तुमी कसा धरला? तवा माज्या पाटावर कोण पुरुष बसला व्हता?" कुशाबा म्हनला, "बाई, तू रांडावल्याली व्हतीस. धनी वर गेला की बाईच्या हातचा मान देवीला चालतो. हिचा धनी हाय."

म्हंजे बगा. रत्नाबाईचा नवरा मेला म्हणून तिला खाचर मिळालं. माजा नवरा हाय म्हणून मला मिळत न्हाई. तुमी मुंबईत जेवताय, खाताय, बाई ठेवताय, आन् तेवढं जित्तं राहून माज्या तोंडातला घास काढताय. देवळातल्या बाया माज्याकडं बघत व्हत्या. मी पायरीवरनं उठले आन् घरी आले. रडले न्हाई, लीलाला इचारा.

होळीदिशी, होळी पेटायच्या आदी, भावकी शेवटचं बसणार आन् खाचर कुणाचं ते ठरणार. त्याच्यानंतर भाताच्या रोपांसाठी राब भाजायची तयारी, मंग कुणी ऐकून घेत न्हाई. तवर तुमचं पत्र पायजे. तुमी येऊ नका, यायची गरज न्हाई. आलात तर पिठलं मिळंल. नुसतं लिवा, मास्तरवाणी गोड न करता, मी सांगते तसं: यंदाचा मान माज्या घराचा. माज्या बायकूनं दिला तो मी दिल्यासारखा. हैबतरावाला दिल्याला शबूद मी परत घेतो. खाचर ती कसंल. खाली सई, पुरं नाव, बापाचं नाव. बाकी काय लिवलंत तर त्यातलं एक अक्षर मी भावकीत वाचणार न्हाई.

न्हाई लिवलंत तर मी काय करंन ते बी सांगते, मागनं म्हणू नका आदी सांगितलं न्हाई. होळीच्या सकाळी मी माज्या हातानं बांगड्या उंबऱ्यावर फोडीन. कुकू पुसीन. मोकळ्या कपाळानं भावकीत जाईन आन् कुशाबाला म्हणंन, रत्नाबाईला लावली ती रीत मला लावा. लोक म्हणतील, अगं, नवरा जित्ता हाय. मी म्हणंन, दावा. हैबतराव तुमचं पत्र काढंल. मी म्हणंन, मेल्याला माणूस पत्र लिवतो व्हय? मंग दहावं करंन, तेरावं करंन, आळीला गोडाचं जेवण घालीन. भांडी कशी गोळा करायची ते मला आता ठावं झालंय. लीलाला बी सांगून ठिवलंय, ती म्हनली, आये, कर. पोटातल्या पोराला आज्याचं नाव इचारलं की ती सांगंल, लवकर गेला.

एकदा तेरावं झालं की मंग ते फिरवता येत न्हाई. तुमी म्हातारपणी येष्टीतनं उतरलात तर पोरं पळतील आन् बाया दार लावतील, माजंबी दार त्यात असंल.

हे मी रागानं लिवतेय असं समजू नका. राग बोकडाच्या दिशी व्हता. आता मी बसून, इचार करून लिवतेय, आन् खाचराच्या बांधावर रोज जाऊन येतेय. एका जागी बांध फुटलाय, तो मी घातला. खाचर आपलं ठरलं न्हाई तरी घातला.

टपालवाला पौडवरनं हितं सोमवारी आन् गुरवारी येतो. होळी बुधवारी हाय, म्हंजे गुरवारचं टपाल मला उपयोगाचं न्हाई. सोमवार, ता. ३ मार्च, त्या दिशीच्या पिशवीत तुमचं पत्र पायजे. मी चावडीवर थांबंन.

तुमी जित्ते हाय का न्हाई, तेवढं सोमवारपतोर कळवा.

गोजराबाई